उणे एक

कुताइसीत, रियोनीच्या पुलाला लागून,
जिथे नदीत पाण्यापेक्षा पांढरे धोंडेच जास्त,
त्सियाला वजनकाटा मांडून बसते.
पत्र्याचा, निळा रंग उडालेला.
एका वजनाचे वीस तेत्री.
तो एक किलो जास्त दाखवतो, हे तिला ठाऊक आहे;
ती तेवढा मनातल्या मनात वजा करते
आणि गिऱ्हाईक खुशीत जातं.

अर्धं गाव कधी ना कधी उभं राहिलंय तिच्यासमोर.
कुस्तीवाला पोरगा, सामन्याआधी रोज, बूट काढून.
लग्न ठरलेली एकजण, पोट आत ओढून.
वार्लाम घड्याळजी एकदा काखेत बदक घेऊन चढला,
मग बदकाशिवाय चढला,
आणि विकणाऱ्याला शिव्या घालत बाजारात परत गेला.
इस्पितळातून सुटलेला एक माणूस
फार वेळ आकड्याकडे बघत राहिला.
त्याचे पैसे तिने घेतले.
घेतले नसते
तर त्याला कळलं असतं.

दुपारी मक्याची भाकरी, चीज, चार अक्रोड.
अक्रोड ती काट्याच्याच कडेवर ठेवून धोंड्याने फोडते
(तो एक किलो बहुधा तिथूनच आला असावा).
एखादा खवट निघतो. थुंकते. पुढचा घेते.
तिला सुखी-बिखी म्हणाल तर अंगावर येईल:
गुडघे धरलेत, विजेचं बिल आलंय,
आणि वरच्या मजल्यावरची लामारा
पहाटे पाचला खुर्च्या कशासाठी ओढते
ते देवालाच माहीत.

लेक थेसालोनिकीत, परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते.
मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन गेली.
गरम खोली, खिडकीत समुद्र, टोपलीत संत्री.
कशाचं म्हणून उणं नव्हतं.
पंधरा दिवस त्सियाला किनाऱ्यावरच्या बाकावर बसून
येणाऱ्या-जाणाऱ्यांची वजनं पुटपुटत राहिली.
सोळाव्या दिवशी म्हणाली, मला बसमध्ये बसव.
लेक रडली. मग चिडली.
मग डबा भरून दिला.

आणि या मंगळवारी काटा बंद पडला.
सुई शून्याला चिकटली ती चिकटलीच.
वार्लामने झाकण उघडलं,
घड्याळात घालतो तशी हलकी फुंकर घातली,
मान हलवली.
आता घरी बस, म्हणाला.
ती म्हणाली, बघू.

बुधवारी ती पुलापाशी होती.
कुस्तीवाला आला, चढला. सुई ढिम्म.
तिने त्याचे घोटे पाहिले, मान पाहिली.
"अठ्ठावन्न. रात्री भाकरी कमी कर."
त्याने वीस तेत्री ठेवले,
बूट घातले, गेला.
ती लग्नवाली आली, आता सहावा महिना.
"दोघांचं मिळून एकाहत्तर.
वाटणी मला विचारू नकोस."
कुणीच खाली वाकून सुईकडे पाहिलं नाही.
की पाहिलं, आणि बोलले नाहीत?
तिने त्यावर डोकं शिणवलं नाही.

संध्याकाळी नदीवरून गार वारं सुटलं.
नाणी रुमालात बांधली, मोजली नाहीत.
इकडेतिकडे पाहिलं,
बूट काढले,
आणि चढली.
इतक्या वर्षांत एकदाही चढली नव्हती;
आचारी कधी पंगतीत बसलाय?

पायांना पत्रा थंड लागला.
सुई शून्यावर.
सवयीने तिने एक वजा केला,
आणि फिस्सकन हसू फुटलं,
इतकं की कठड्यावरचं कबूतर उडालं
आणि वार्लामने दुकानातून विचारलं, काय गं?
काही नाही, म्हणाली.

मग काटा काखोटीला मारून,
वाटेत एक पिकलेलं अमरफळ घेऊन,
ही उणे एक किलोची बाई
पूल ओलांडून निघाली,
लामाराच्या खुर्च्यांखाली झोपायला.